उकळूनही उरतं ते

2021 च्या दिवाळीच्या सुमारास अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एडिसन, वुडब्रिज, मेटचन, साउथ प्लेनफिल्ड या भागांतल्या हजारो घरांत पाणीपुरवठा कंपनीचं पत्र येऊन पडलं. एडिसन आणि आसपास मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे. त्यांच्याही घरी ते पोहोचलं. नळाच्या पाण्यात पीएफओए नावाचं रसायन राज्यानं ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं होतं. मर्यादा लिटरमागे 14 नॅनोग्रॅमची, सापडलेलं प्रमाण 36 च्या घरातलं. पाण्याला वास नव्हता, रंग नव्हता, चव रोजचीच होती. आणि उकळून ते रसायन जाणार नव्हतं.

मराठी घराला पाण्याबद्दल जे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या मिळालं आहे, त्याची इथे पंचाईत होते. पावसाळ्यात पाणी उकळायचं, गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, हंड्याला फडकं बांधायचं, पिण्याचं पाणी तांब्याच्या कळशीत ठेवायचं, आरोग्यसेविकेनं दिलेलं मेडिक्लोर हे जंतुनाशक टाकायचं. कॉलरा, कावीळ, विषमज्वर आणि जुलाब या शत्रूंशी लढताना हे उपाय उपयोगी पडले आणि आजही पडतात. पण ते सगळे जंतूंवरचे आणि गाळावरचे उपाय आहेत. पाण्यात विरघळलेल्या रसायनावर त्यांचा परिणाम होत नाही. उलट, उकळताना पाणी वाफ होऊन जातं आणि रसायन भांड्यातच राहतं. लिटरमागे 45 मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं एक लिटर पाणी आटून 900 मिलिलिटर झालं, की प्रमाण 50 वर जातं.

त्यामुळे रसायनांच्या बाबतीत कामाचा क्रम बदलावा लागतो. आधी पाणी कुठून येतं ते पाहायचं, मग तपासणी करायची आणि मगच उपाय निवडायचा. बाजारात मात्र हा क्रम उलटा चालतो. आधी यंत्र भिंतीवर चढतं आणि पाण्यात काय होतं हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

न तुटणारी साखळी

1938 मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीतील रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला एका प्रयोगात अनपेक्षितपणे एक पांढरी, मेणचट पूड मिळाली. तेच पुढे टेफ्लॉन म्हणून जगभर गेलं. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत बळकट बंधांपैकी एक. या बंधावर उभ्या असलेल्या हजारो मानवनिर्मित रसायनांच्या कुळाला पीएफएएस म्हणतात. न्यू जर्सीच्या नळात सापडलेलं पीएफओए याच कुळातलं. पाणी, तेल, उष्णता या कशालाच ही रसायनं दाद देत नाहीत. म्हणूनच न चिकटणारे तवे, डाग न धरणारी कापडं, रेनकोट, तेलकट खाऊची वेष्टनं आणि विमानतळांवर तेलाच्या आगी विझवणारा फेस अशा अनेक ठिकाणी त्यांना मागणी आली.

जो गुण कारखानदाराला हवा होता, तोच पाण्यात गेल्यावर अवगुण ठरला. माती, ऊन, जिवाणू यांपैकी कुणीही या रेणूंचा निकाल लावत नाही. शरीरातूनही ते अतिशय सावकाश बाहेर पडतात. पीएफओएचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला दोन ते तीन वर्षं आणि पीएफओएस या त्याच्या भावंडाचं निम्म्यावर यायला पाच वर्षांच्या आसपास लागतात. दरम्यान रोजचं पाणी त्याच दूषित स्रोतातून येत असेल, तर घट होण्याऐवजी साठा वाढतो.

या रसायनांचं मोजमाप नॅनोग्रॅममध्ये होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं 2024 मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन्हींसाठी लिटरमागे प्रत्येकी 4 नॅनोग्रॅम ही मर्यादा जाहीर केली. ऑलिंपिकच्या स्पर्धा होतात त्या आकाराच्या तरणतलावात सुमारे 25 लाख लिटर पाणी मावतं. त्या सगळ्या पाण्यात मिळून 10 मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभराहूनही कमी रसायन मिसळलं, की ही मर्यादा गाठली जाते. युरोपीय संघाच्या पेयजल नियमात अशा 20 रसायनांची एकत्रित मर्यादा लिटरमागे 100 नॅनोग्रॅम आहे. आपल्या भारतीय मानक आयएस 10500:2012 मध्ये नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक आणि डीडीटीसारखी कीटकनाशकं यांच्या मर्यादा आहेत. पीएफएएससाठी मात्र वेगळी मर्यादा नाही. त्यामुळे पाण्याच्या नेहमीच्या तपासणी अहवालात या नावाचा रकानाच नसतो.

पार्कर्सबर्गचं पाणी

या रसायनांबद्दल जगाला जे कळलं, त्यातलं बरंचसं अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील पार्कर्सबर्ग या गावामुळे कळलं. तिथे ड्यूपॉन्टचा टेफ्लॉनचा कारखाना होता. कारखान्याच्या कचराभूमीला लागून विल्बर टेनंट हा शेतकरी गुरं पाळत होता. ओढ्याचं पाणी पिणारी त्याची दीडशेच्या वर गुरं मेली. गावात कुणी दाद देईना, तेव्हा तो सिनसिनाटीतील वकील रॉबर्ट बिलॉट यांच्याकडे गेला. 1999 मध्ये खटला उभा राहिला. खटल्याच्या निमित्तानं कंपनीचे कागद बाहेर आले आणि त्यांतून दिसलं, की आसपासच्या गावांच्या नळांत पीएफओए असल्याचं कंपनीला 1984 पासून ठाऊक होतं.

पुढचा भाग आपल्यासाठी अधिक बोधप्रद आहे. तडजोडीत मिळालेल्या पैशांतून 2005 आणि 2006 मध्ये परिसरातील सुमारे 69 हजार लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. तीन साथरोगतज्ज्ञांच्या समितीनं काही वर्षं अभ्यास करून 2012 पर्यंत सहा विकारांशी पीएफओएचा संभाव्य संबंध असल्याचा निष्कर्ष दिला: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा व्रणदाह, गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2023 च्या अखेरीस पीएफओएला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. 2019 मध्ये आलेला ‘डार्क वॉटर्स’ हा चित्रपट बिलॉट यांच्या याच लढ्यावर आहे.

यातली कोणतीही व्याधी हे पाणी प्यायल्यानं दुसऱ्या दिवशी होत नाही. एका पेल्यानं काही बिघडत नाही. वर्षानुवर्षं त्याच स्रोताचं पाणी पोटात गेल्यानं धोका वाढतो. म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही आणि हा प्रश्न पुढे ढकलण्याचंही नाही.

विचेन्झा ते लोटे-परशुराम

उत्तर इटलीतील विचेन्झा प्रांतात त्रिस्सिनो गावी मितेनी नावाचा कारखाना हीच रसायनं बनवत होता. 2013 मध्ये तिथलं भूजल आणि नळाचं पाणी दूषित असल्याचं उघड झालं. बाधित पट्ट्यात साडेतीन लाखांच्या आसपास लोक राहत होते. मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात पडल्यावर आयांनी संघटना उभारली. 2018 मध्ये कारखान्याचं दिवाळं निघालं आणि जून 2025 मध्ये विचेन्झाच्या न्यायालयानं 11 जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या.

त्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री आणि पेटंटं 2019 मध्ये लिलावात विकली गेली. ती एका भारतीय उद्योगसमूहानं घेतली आणि ती यंत्रं रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. यंत्रं आली म्हणजे पाणी बिघडलं, असा याचा अर्थ होत नाही. पण या वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतील मच्छीमार वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत. अशा ठिकाणी परिसरातील विहिरी आणि ओढे यांची पीएफएएससाठी तपासणी आताच करून आकडे नोंदवून ठेवणं शहाणपणाचं आहे. पुढे काही बदल झाला, तर तुलना करायला हाताशी काही हवं.

ही तपासणी एका घराच्या आवाक्यातली नाही. तिला महागडी उपकरणं लागतात, आपल्याकडे ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते आणि नमुना घेतानाही टेफ्लॉनचं आवरण असलेली बाटली किंवा झाकण चालत नाही. म्हणून औद्योगिक वसाहतीजवळच्या ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत ठराव करून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि जिल्हा प्रशासनाकडे तिची मागणी करावी. कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रातील अटी माहितीच्या अधिकारात मागता येतात. सांडपाण्यात कोणते घटक तपासले जातात, हे त्यांतून कळतं. यादीत जे नाव नसेल, ते कुणी मोजत नसतं.

आपल्या विहिरीतले जुने पाहुणे

महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांसाठी आजचा मोठा धोका मात्र वेगळ्या रसायनांचा आहे. ती पीएफएएसइतकी चिवट नसतील, पण उकळून तीही जात नाहीत आणि त्यांची तपासणी स्वस्त आहे.

पहिलं नायट्रेट. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातील सुमारे 36 टक्के नमुन्यांमध्ये नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. देशातील सर्वाधिक बाधित 15 जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ असे राज्यातले सात जिल्हे होते. शेतात पडणारा जादा युरिया, विहिरीशेजारचा उकिरडा, गोठ्यातून वाहणारं मूत्र आणि संडासाचा शोषखड्डा ही त्याची उगमस्थानं. सर्वांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीनं वरचं दूध पिणाऱ्या बाळाला असतो. नायट्रेटमुळे त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडू लागतं. अशा वेळी उशीर न करता दवाखाना गाठावा.

दुसरं फ्लोराइड. ते खडकातूनच पाण्यात उतरतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना त्याचा जुना अनुभव आहे. मर्यादा लिटरमागे 1 मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतलं जातं. लहानपणी, पक्के दात घडत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेलं, की दातांवर पांढरट किंवा तपकिरी पट्टे उमटतात आणि ते पुढे जात नाहीत. वर्षानुवर्षं प्रमाण जास्त राहिलं तर सांधे आखडतात, पाठ वाकते. खोल बोअर घेतला म्हणजे पाणी शुद्ध, हा समज इथे घात करतो. खडकाशी जितका जास्त काळ पाण्याचा संपर्क, तितकं फ्लोराइड जास्त असण्याची शक्यता. गावात जुना उथळ आड असेल, तर बोअरच्या बरोबरीनं त्याचीही तपासणी करून पाहावी.

तिसरी गोष्ट क्षारांची. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारं आहे. तिथली अडचण जिभेला लगेच कळते. नायट्रेट आणि फ्लोराइड जिभेला कळत नाहीत, हा त्यांच्यातला महत्त्वाचा फरक.

तपासणी: कुठे, कशी, कधी

ग्रामीण भागात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत. सार्वजनिक स्रोतांचे नमुने ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक तिथे पोहोचवतात. खाजगी विहीर किंवा बोअरचं पाणीही माफक शुल्क भरून तपासून घेता येतं. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत तपासणी संच दिले गेले आहेत आणि ते वापरण्यासाठी गावातील पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या संचावर फ्लोराइड आणि नायट्रेटचा अंदाज रंगावरून घेता येतो. शंका आली की नमुना प्रयोगशाळेत धाडावा. सार्वजनिक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर व्हावी, असा दंडक आहे. खाजगी बोअरच्या मालकानंही तोच पाळावा.

रासायनिक तपासणीसाठी एक लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन पुरतो. हापसा असेल तर पाच मिनिटं हापसावा, बोअरची मोटर असेल तर तितकाच वेळ चालू ठेवावी. नळीत साचलेलं पाणी निघून गेलं पाहिजे. त्याच पाण्यानं कॅन दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावा. वर स्रोताचं नाव, ठिकाण, तारीख आणि वेळ लिहावी. शीतपेयाची किंवा औषधाची रिकामी बाटली वापरू नये. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वेगळी लागते. ती प्रयोगशाळेतूनच आणावी.

अहवाल हातात आला, की दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. पहिली एककाची. काही अहवालांत नायट्रेट हे ‘नायट्रेट’ म्हणून दिलेलं असतं, तर काहींत ‘नायट्रोजन’ म्हणून. पहिल्या पद्धतीत मर्यादा 45 आहे, दुसऱ्या पद्धतीत साधारण 10. ‘नायट्रोजन म्हणून 12’ असा आकडा पाहून निश्चिंत होणारा माणूस प्रत्यक्षात 53 मिलिग्रॅम नायट्रेटचं पाणी पीत असतो. दुसरी गोष्ट न तपासलेल्या घटकांची. अहवालाखाली ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का असला, तरी तो तपासलेल्या घटकांपुरताच असतो.

ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या रंगीत कार्डांबाबतही हाच घोटाळा होतो. स्रोताच्या परिसराची स्वच्छता, गळती, शुद्धीकरणाची व्यवस्था यांचं सर्वेक्षण करून आरोग्य विभाग लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. सलग पाच वर्षं हिरवं टिकवणाऱ्या गावाला चंदेरी कार्ड मिळतं. साथी रोखण्यासाठी ही पद्धत उपयोगाची आहे. पण हिरव्या कार्डाचा अर्थ पाण्यात फ्लोराइड नाही, असा होत नाही.

पाण्यात काही सापडलं म्हणजे गावातल्या प्रत्येक आजाराचं मूळ तेच, असंही समजू नये. 2024 च्या डिसेंबरअखेर बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात काही गावांमध्ये लोकांचे केस झपाट्यानं गळू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला. नमुन्यांत नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेही. पुढे संशोधकांचं लक्ष रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे वळलं. नायट्रेटचा प्रश्न खरा होता आणि तो सोडवायलाच हवा, पण तो वेगळा प्रश्न होता.

यंत्र घेताना

दारात येणारा विक्रेता बहुतेकदा खिशातून टीडीएस मीटर काढतो, नळाच्या पाण्यात बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो. हे मीटर पाण्याची वीजवाहकता मोजून त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमसारखे शरीराला हवे असणारे क्षारही त्यात येतात. नॅनोग्रॅममध्ये मोजायचं पीएफएएस त्याला दिसत नाही, आर्सेनिक दिसत नाही, जंतू तर मुळीच दिसत नाहीत. टीडीएस 60 असलेलं पाणी दूषित असू शकतं आणि 450 असलेलं उत्तम असू शकतं. भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आहे. राष्ट्रीय हरित लवादानंही 2019 मध्ये याहून कमी क्षारांच्या पाण्याला आरओची गरज नाही, अशी भूमिका घेतली होती. मुंबई, पुणे, नाशिक या शहरांत महापालिकेचं धरणाचं पाणी थेट नळाला येत असेल, तर क्षारांसाठी आरओ बसवण्याचं कारण सहसा उरत नाही. शहरांच्या कडेला टँकर आणि बोअरच्या मिश्र पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांचं गणित वेगळं आहे. टँकर कुठे भरला जातो हे व्यवस्थापन समितीनं लेखी विचारावं आणि टाकीतल्या पाण्याची रासायनिक तपासणी करून अहवाल सूचना फलकावर लावावा.

कोणतं यंत्र कशावर चालतं, याचा हिशेब थोडक्यात असा. यूव्ही दिवा जंतू मारतो. रसायनाला हात लावत नाही. यूएफ पडदा गाळ आणि जंतू अडवतो. विरघळलेलं सगळं पार जातं. कार्बनची नळी क्लोरीनचा वास, काही कीटकनाशकं आणि पीएफएएसचा काही भाग धरून ठेवते. नायट्रेट आणि फ्लोराइड धरत नाही. आरओचा पडदा फ्लोराइड, नायट्रेट, क्षार आणि पीएफएएस यांचा मोठा भाग अडवतो.

पीएफएएसच्या बाबतीत अमेरिकेतील ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठांच्या संशोधकांनी 2020 मध्ये घरोघरच्या यंत्रांची तपासणी केली. स्वयंपाकघरातील आरओ आणि दोन टप्प्यांच्या यंत्रांनी 94 टक्के किंवा त्याहून जास्त रसायन काढलं. साध्या कार्बन गाळण्यांची सरासरी 73 टक्के होती, पण एका घरात एक तर दुसऱ्या घरात भलतंच, अशी ती विखुरलेली होती. कार्बन भरत गेला, की त्याची पकड सुटते आणि वेळेवर न बदललेली नळी आधी धरलेलं रसायनही परत पाण्यात सोडू शकते. नळी संपल्याची खूण चवीत मिळत नाही. म्हणून बदलण्याची तारीख यंत्रावर मार्करनं लिहून ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

परदेशात राहणाऱ्या वाचकांनी गाळणीच्या खोक्यावर एनएसएफ/अ‍ॅन्सी 53 किंवा 58 हा मानकाचा क्रमांक आणि त्यासोबत पीएफएएसचा स्पष्ट उल्लेख पाहावा. 42 हा क्रमांक फक्त चव आणि वासापुरता असतो. अमेरिकेत प्रत्येक सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थेला दरवर्षी 1 जुलैपर्यंत ग्राहकांना पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल द्यावा लागतो. यंत्र निवडण्याआधी तो वाचावा. खाजगी विहिरीवर असणाऱ्यांना हा अहवाल मिळत नाही, त्यांची तपासणी त्यांनाच करावी लागते. भारतात यंत्र घेताना ‘99.9 टक्के शुद्ध’ या वाक्यावर समाधान मानू नये. ते बहुधा जंतूंबद्दल असतं. आपल्या अहवालात जे रसायन जास्त आहे, त्याचं नाव घेऊन ते किती कमी होतं याचा लेखी चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा.

आरओ घेतलाच, तर त्यातून वाया जाणाऱ्या पाण्याचा विचार करावा लागतो. अनेक यंत्रांत एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकलं जातं आणि अडवलेलं रसायन त्यात एकवटलेलं असतं. ते संडासात ओतायला किंवा लादी पुसायला चालतं. पिण्यास, स्वयंपाकास किंवा गुरांना देऊ नये. गावात ते पुन्हा विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यात सोडलं, तर काढलेलं फ्लोराइड फिरून घरीच येतं.

फ्लोराइडवर आरओखेरीजही मार्ग आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं, म्हणजे नीरीनं, तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत विकसित केली. नलगोंडा पद्धत म्हणून ती ओळखली जाते आणि ती बादलीतही करता येते. तिच्यात तुरटीची मात्रा पाण्यातील फ्लोराइड आणि क्षारता पाहून ठरवावी लागते. अंदाजानं खडा फिरवून फ्लोराइड जात नाही आणि जादा तुरटीनं पाण्यात अ‍ॅल्युमिनियम मात्र वाढतं. प्रयोगशाळेकडून मात्रा लिहून घेतल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

स्वयंपाकघरात

रसायनमुक्त पाणी कुठे वापरायचं, याला मर्यादा घालता येते आणि त्यामुळे खर्चही आटोक्यात राहतो. पिणं, बाळाचं दूध कालवणं, भात, वरण, चहा आणि कणीक मळणं एवढ्यासाठी चांगलं पाणी वापरावं. भात आणि डाळ शिजताना पाणी शोषून घेतात, त्यामुळे पिण्याचं पाणी वेगळं ठेवून स्वयंपाक दूषित पाण्यात केला, तर अर्धं काम वाया जातं. आंघोळ, कपडे आणि भांडी यांसाठी साधं पाणी चालतं. पीएफएएस, नायट्रेट किंवा फ्लोराइड त्वचेतून फारसं आत जात नाही.

पीएफएएस आईच्या दुधातून बाळाकडे काही प्रमाणात जातं हे खरं. तरीही आरोग्य यंत्रणांचा सल्ला स्तनपान चालू ठेवण्याचाच आहे, कारण त्याचे फायदे मोठे आहेत. आईचं पिण्याचं पाणी बदलणं हा त्यावरचा योग्य उपाय. ही रसायनं रक्तातून ‘धुऊन काढण्याची’ चूर्णं आणि काढे विकणाऱ्यांपासून दूर राहावं.

20 लिटरचा थंड जार हा तर अनेक गावांत आणि कार्यालयांत शुद्धतेचा दाखलाच मानला जातो. थंड असणं आणि शुद्ध असणं यांचा संबंध नाही. जार भरणाऱ्याकडे त्याच्या बोअरचा आणि भरलेल्या पाण्याचा ताजा अहवाल मागावा. तो देत नसेल तर जार घेऊ नये.

विहीर आणि शोषखड्डा यांत किमान 15 मीटर अंतर ठेवणं, उकिरडा पाण्याच्या उताराच्या खालच्या बाजूला हलवणं, विहिरीला कठडा आणि फरशी करणं आणि युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्यानं देणं ही कामं यंत्रापेक्षा स्वस्त आहेत आणि संपूर्ण गावाच्या कामी येतात. छपरावरचं पावसाचं पाणी पहिल्या सरी सोडून देऊन बोअरजवळ मुरवलं, तर फ्लोराइड आणि क्षारांचं प्रमाण उतरायला मदत होते.

यापैकी कशालाही हात घालण्याआधी एक चौकशी करावी. आपल्या गावच्या, वॉर्डाच्या किंवा सोसायटीच्या पाण्याचा शेवटचा रासायनिक अहवाल ग्रामपंचायतीत, महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात किंवा सोसायटीच्या कार्यालयात मागावा आणि त्यावरची तारीख पाहावी. ती वर्षाहून जुनी असेल किंवा अहवालच नसेल, तर यंत्राच्या दुकानात जाण्याआधी पाण्याचा कॅन प्रयोगशाळेत पोहोचवावा.